ग्रेच्या आईचें थडगें

मृत माणसाचें नांव दगडावर कोरावें कीं नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां रूढीचा किंवा ऐपतीचा वाटतो. ज्याच्याजवळ द्रव्य आहे तो शिळा उभारतो. ज्याच्याजवळ नाहीं तो मातीचा उंचवटा करून परततो. आणि दोघांच्या दुःखांत तसूभरहि फरक नसतो. परंतु थोडा अधिक विचार केला म्हणजे या साध्या प्रश्नाच्या पोटीं नीतीचा एक अवघड प्रश्न दडलेला दिसतो. कोणाचें नांव राखावें हें ठरवितांना कोणाचें पुसलें जावें हेंहि समाज नकळत ठरवीत असतो. ज्यांचें नांव पुसलें गेलें त्यांच्याविषयीं मागें राहिलेल्यांचें कांहीं कर्तव्य उरतें, कीं नुसती हळहळ उरते? या प्रश्नाचा विचार करण्यास इंग्लंडांतील एका खेड्यांतल्या थडग्याइतकें योग्य स्थळ मला दुसरें दिसत नाहीं.

लंडनच्या पश्चिमेस, बकिंगहॅमशायर परगण्यांत, स्लाउपासून जवळच स्टोक पोजेस नांवाचें गांव आहे. तेथील सेंट जाइल्स चर्चच्या आवारांत, पूर्वेकडील भिंतीबाहेर, पेटीच्या आकाराचें एक विटांचें थडगें असून त्यावर मजकूर कोरलेली दगडी शिळा बसविलेली आहे. डामडौल असा कांहींच नाहीं. शिळेवरील मजकूर दोन बहिणींचा आहे. पहिली मेरी अँट्रोबस; ही अविवाहित होती व ५ नोव्हेंबर १७४९ रोजीं वयाच्या ६६ व्या वर्षीं वारली. दुसरी डोरोथी ग्रे, विधवा. ही ११ मार्च १७५३ रोजीं ६७ व्या वर्षीं वारली. डोरोथीविषयीं एवढेंच अधिक सांगितलें आहे कीं, ती अनेक लेकरांची काळजीवाहू व मायाळू आई होती आणि त्यांपैकीं एकाच्याच नशिबीं तिच्यामागें जगण्याचें दुर्दैव आलें.

त्या एकाचें नांव शिळेवर नाहीं. तो म्हणजे कवि टॉमस ग्रे, आणि हा मजकूर त्यानेंच रचलेला आहे. ३० जुलै १७७१ रोजीं केंब्रिज येथें तो वारला, तेव्हां त्याच्या मृत्युपत्रांत अशी इच्छा नमूद केलेली आढळली कीं, आपल्या आईनें स्टोक येथें जें तळघर बांधविलें आहे त्यांत, तिच्या देहाजवळ, आपला देह ठेवावा. त्याप्रमाणें ६ ऑगस्ट रोजीं तो तेथें पुरला गेला. पण शिळेवर एका अक्षराचीहि भर पडली नाहीं. समोरच्या भिंतींत पुढें कोणीं एक लहानशी पाटी बसविली, तिच्यावरून कवि येथें आहे हें प्रवाशाला कळतें. ती पाटी नसती तर इंग्रजी भाषेंतील अत्यंत लोकप्रिय कवितांपैकीं एकीचा कर्ता, तिच्यांतल्याच अनामिक मृतांसारखा, अनामिकच राहिला असता.

ती कविता आपल्याकडील इंग्रजी शिकलेल्या माणसांच्या चांगल्या परिचयाची आहे. ग्रेची ही विलापिका १७५० च्या जून महिन्यांत पुरी झाली आणि १५ फेब्रुवारी १७५१ रोजीं कर्त्याच्या नांवावांचून छापली गेली. तिच्यांतलें स्मशान तें हेंच, अशी परंपरागत समजूत आहे. सांजवेळीं खेड्यांतील गरीब माणसांच्या थडग्यांजवळ उभा राहून कवि विचार करतो कीं, या मातीखालीं कदाचित् एखादा हँपडेन, एखादा मिल्टन, एखादा क्रॉमवेल निजला असेल. पण दारिद्र्यानें त्यांच्या अंगचा ओघ गोठवून टाकला आणि विद्येचीं पानें त्यांच्यापुढें कधीं उलगडलींच नाहींत. समुद्राच्या तळचें रत्न आणि ओसाड रानांतलें फूल हे दोन दृष्टान्त त्यानें येथें योजले आहेत. पुढें तो अशी समजूत घालतो कीं, दारिद्र्यानें त्यांचे सद्गुण जसे कोंडले तशीं त्यांचीं संभाव्य दुष्कृत्येंहि कोंडलीं. मोठेपणाबरोबर येणाऱ्या रक्तपातापासून ते बचावले.

या कवितेची थोरवी मी कमी लेखीत नाहीं. ज्या काळांत समाधिलेख म्हणजे श्रीमंतांच्या वंशावळीचें कोष्टक असे, त्या काळांत सुशिक्षित वाचकाला नांगरट्याच्या थडग्यापाशीं थांबावयास लावणें आणि त्याच्या साध्या संसाराकडे हसूं नका असें बजावणें, हें लहानसहान कार्य नव्हे. ईटन येथें जपून ठेवलेल्या हस्तलिखितावरून असें दिसतें कीं, प्रथम त्यानें हँपडेन, मिल्टन व क्रॉमवेल यांच्या जागीं केटो, टली म्हणजेच सिसरो, आणि सीझर अशीं रोमन नांवें घातलीं होतीं. तीं खोडून त्यानें आपल्याच देशांतलीं, आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळचीं नांवें घातलीं. हँपडेन तर बकिंगहॅमशायरचाच. प्रश्न दूरच्या रोमचा नाहीं, आपल्या शिवारांतला आहे, हें ग्रेला उमगलें होतें असें यावरून मी समजतों.

पण उमगूनहि त्यानें त्या प्रश्नाचें उत्तर काय दिलें? विल्यम एम्प्सन या टीकाकारानें १९३५ सालीं या कवितेवर एक मार्मिक आक्षेप घेतला. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें : गरिबांच्या मुलांना शिकण्याची सोय नव्हती, ही एक सामाजिक व्यवस्थेची गोष्ट, परंतु कवि ती अशा सुरांत सांगतो कीं, वाचकाला करुणा वाटते आणि ती व्यवस्था बदलावी असें मात्र वाटत नाहीं. हा आक्षेप मला बव्हंशीं खरा वाटतो. रत्न समुद्राच्या तळाशीं कोणीं नेऊन ठेवलेलें नसतें. फुलाला रानांत उमलण्याचें दुःख नसतें. जेथें कोणी कर्ता नाहीं व कोणी भोक्ता नाहीं तेथें अपराधहि नाहीं. शाळेच्या दारांतून परतलेल्या मुलाला हे दृष्टान्त लागू केले म्हणजे दार बंद करणारा हात आपोआप दिसेनासा होतो. मग ‘दैव’ हा एकच शब्द उरतो, आणि हळहळणाऱ्याचें काम सोपें होतें.

आतां कवितेपासून पुन्हां थडग्याकडे वळूं. एम्प्सननें घेतलेल्या आक्षेपाचें उत्तर तेथें, त्या दोन बहिणींच्या नांवांत, पडून आहे असें मला वाटतें.

ग्रेचा जन्म १७१६ सालीं लंडनमध्यें कॉर्नहिल येथें झाला. आईला बारा मुलें झालीं. त्यांत हा एकटा वांचला. लहानपणीं एकदां त्याला झटका येऊन श्वास कोंडला, तेव्हां आईनें स्वतःच्या हातानें त्याची शीर उघडून रक्त काढलें व त्याला वांचविलें, असें त्याच्या चरित्रांत सांगितलें आहे. बाप फिलिप ग्रे हा दस्तऐवज लिहिण्याचा व त्या अनुषंगानें पैशाच्या देवघेवीचा धंदा करी. घरांत पैसा नव्हता असें नाहीं. बापाच्या मनांत तो मुलासाठीं खर्च करण्याची इच्छा नव्हती. डोरोथी आपली बहीण मेरी हिच्या भागींत स्त्रियांच्या टोप्या व पोषाखी जिन्नस विकण्याचें दुकान चालवी. १७३५ सालीं नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून तिनें एका वकिलाचा सल्ला विचारला, त्या वेळीं लिहून दिलेली हकीकत उपलब्ध आहे. जवळजवळ तीस वर्षें दोघी बहिणींनीं हें दुकान चालविलें. डोरोथीनें नवऱ्याच्याच घरांतल्या दुकानाबद्दल त्याला वर्षाला चाळीस पौंड भाडें दिलें. स्वतःचें व सर्व मुलांचें कपडेलत्ते आणि घरांतलें बहुतेक सामान स्वतःच्या कमाईनें केलें. आणि मुलाचा ईटन येथील व पुढें केंब्रिजच्या पीटरहाउसमधील खर्चहि जवळजवळ सारा तिनेंच सोसला, असें तींत नमूद आहे. नवरा मारतो, लाथा घालतो, आणि आतां दुकान उठविण्याच्या धमक्या देतो, अशी तिची तक्रार होती. वकिलाच्या सल्ल्यांतून तिला फारसा दिलासा मिळाला नाहीं. ती त्या घरांत राहिली, दुकान चालू राहिलें, आणि मुलगा शिकत राहिला. १७४१ सालीं नवरा वारल्यानंतर दोघी बहिणी धंदा आटोपून स्टोक येथें तिसऱ्या बहिणीकडे राहावयास गेल्या.

विद्येचीं पानें ग्रेपुढें उलगडलीं तीं कोणीं उलगडलीं, याचें उत्तर या हकीकतींत आहे. त्याचे मामा ईटनच्या शाळेंत शिक्षक होते, हेंहि त्याच्या पथ्यावर पडलें. परंतु फी, कपडे आणि पुस्तकें हीं मामांच्या ओळखीनें मिळत नाहींत. तीं टोप्या विकून मिळालीं. दारिद्र्याचा गारठा आणि विद्येचा ओघ यांच्यामध्यें दैव उभें नव्हतें. दुकानाच्या फळीमागें उभ्या असलेल्या दोन स्त्रिया होत्या.

कवीनें घेतलेल्या तीन नांवांकडे या दृष्टीनें पाहिलें म्हणजे मौज वाटते. हँपडेन ऑक्सफर्डला शिकला, क्रॉमवेल केंब्रिजला गेला, मिल्टनहि केंब्रिजचाच. आणि मिल्टनचा बाप? तोहि ग्रेच्या बापासारखा लंडनमध्यें दस्तऐवज लिहिण्याचाच धंदा करी. एकाच शहरांत एकाच धंद्याचे हे दोन बाप. एकानें मुलाच्या विद्येसाठीं हात सैल सोडला. दुसऱ्यानें मूठ आवळली. मिल्टन मिल्टन झाला तो केवळ दैवानें नव्हे, आणि ग्रे मुका राहिला नाहीं तोहि केवळ दैवानें नव्हे. दोन्हीकडे कोणा एका माणसानें निर्णय घेतला होता. ज्या गोष्टीचा निर्णय माणसाच्या हातीं असतो तिला दैव म्हणणें हा भाषेचा दोष नसून नीतीचा दोष आहे.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही विचार करण्याजोगे आहेत.

पहिला असा कीं, खेड्यांतल्या थडग्यांत एखादा मिल्टन दडला असेल म्हणून आपण हळहळावें, तर ज्यांच्यांत मिल्टन नव्हता त्यांचें काय? ज्यानें आयुष्यभर नांगर धरला, मुलें वाढविलीं आणि डोळे मिटले, त्याचें जीवन कमी मोलाचें कां? हा आक्षेप मला मान्य आहे, आणि या बाबतींत कवीची दृष्टि निर्मळ आहे हें त्याच्या पक्षीं सांगितलें पाहिजे. संभाव्य मोठेपणाचा उल्लेख येण्यापूर्वींच तो चुलीजवळची गृहिणी, बापाच्या मांडीवर चढणारीं मुलें आणि सुगी यांना मान देऊन चुकलेला असतो. शिक्षण मिळावें तें महाकवि निपजावे म्हणून नव्हे; तसें म्हटलें तर विद्या ही सोडत ठरते आणि बाकीचीं मुलें फुकट गेलेलीं तिकिटें ठरतात. ज्याला वाचतां येत नाहीं त्याला स्वतःच्या आईच्या शिळेवरची ओळहि वाचतां येत नाहीं, एवढें कारण पुरेसें आहे.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. आईच्या त्यागाची ही कथा सुंदर खरी. परंतु प्रत्येकाला अशी आई नसते, आणि असली तरी तिच्याजवळ दुकान नसतें. एका घरच्या पुण्याईवर समाजाचा न्याय कसा उभारतां येईल? उलट, त्यागाचे गोडवे गाऊन आपण अन्यायच सुसह्य करून ठेवतों. हें खरें आहे, आणि डोरोथी ग्रेचें चरित्रच त्याला साक्ष आहे. लग्नापूर्वीं करार करून तिनें दुकानांतला आपला हिस्सा राखून ठेवला होता, कारण त्या काळच्या इंग्रजी कायद्याप्रमाणें विवाहित स्त्रीची कमाई सामान्यतः नवऱ्याची ठरे. तो कायदा १८७० व १८८२ च्या कायद्यांनीं पालटला, तेव्हां तिच्या मृत्यूला शंभरांवर वर्षें लोटलीं होतीं. ईटन आणि केंब्रिजचीं दारें तिच्या मुलाला पैसे भरून उघडलीं; तिला तीं कितीहि पैसे भरून उघडलीं नसतीं. तीस वर्षें धंदा करणाऱ्या, करार करणाऱ्या, मारहाण सोसूनहि हिशेब चुकूं न देणाऱ्या या बाईच्या अंगीं आणखी काय काय होतें, हें विचारण्याची कोणाला कधीं गरजच वाटली नाहीं. कवितेंतल्या कोंडलेल्या प्रतिभांमध्यें स्त्रीचें एकहि नांव नाहीं. आणि कविता पुरी झाली तेव्हां ज्या मावशीच्या दुकानानें ग्रेला शिकविलें ती याच आवारांत सात महिन्यांपूर्वीं पुरली गेली होती.

म्हणून या त्यागाकडे मी आदर्श म्हणून बोट दाखवीत नाहीं, पुरावा म्हणून दाखवितों. एका मुलासाठीं दोन स्त्रिया, कायदा विरुद्ध असतां आणि घरांत वैरी असतां, हें करूं शकल्या. मग संबंध समाजाला, कायदा हातीं असतां आणि खजिना पाठीशीं असतां, तें सर्व मुलांसाठीं करतां येणार नाहीं असें कोणत्या तोंडानें म्हणावें? अठराव्या शतकांत जें दैव वाटलें तें पुढच्या शतकांत कायद्यानें हलविलें : १८७० च्या कायद्यानें इंग्लंडांत व वेल्समध्यें प्राथमिक शाळांचें जाळें विणण्यास आरंभ झाला, आणि १८९१ नंतर त्यांतील बहुतेक शाळांची फी गेली. फी गेल्यानें सर्व कांहीं झालें असें नाहीं. पण हलविणारा हात भेटतांच तें दैव हललें, एवढें सिद्ध झालें.

याच आवाराला लागून असलेल्या शेतांत कवीचें दुसरें एक स्मारक आहे, त्याचा उल्लेख केल्यावांचून ही तुलना पुरी होत नाहीं. स्टोक पार्कचा धनी जॉन पेन यानें १७९९ सालीं तें उभारलें. जेम्स वायट या प्रसिद्ध स्थापत्यकारानें त्याची आखणी केली. उंच चौथऱ्यावर एक भव्य दगडी शवपेटिका आहे आणि चौथऱ्याच्या बाजूंवर ग्रेच्या कवितांतील ओळी कोरल्या आहेत; पण त्या पेटिकेंत कोणी नाहीं. कवि शेजारच्या आवारांत आई व मावशी यांच्या शिळेखालीं, कोणाच्या लक्षांत न येतां, पडला आहे, असें त्या स्मारकाचाच लेख सांगतो. पेनचा हेतु चांगला होता याविषयीं मला शंका नाहीं. परंतु ज्यानें गरिबांच्या साध्या थडग्यांची बाजू घेऊन डौलदार स्मारकांना दोन शब्द सुनावले, त्याचें डौलदार स्मारक करावें आणि त्याचेच शब्द त्यावर कोरावे, यांतला विरोध त्या सद्गृहस्थाला जाणवला नसावा. आपण पुष्कळदां असेंच करतों. ज्यानें आपल्याला कांहीं करण्यास सांगितलें त्याचा पुतळा उभारतों, आणि सांगितलेलें केल्याचें समाधान मिळवितों.

ग्रेनें स्वतःचें नांव आईच्या शिळेवर कां कोरविलें नसावें? कोणी म्हणेल, हा विनय. तो विनयी होताच. १७५७ सालीं देऊं केलेलें राजकवीचें पदहि त्यानें नाकारलें. पण मला यांत विनयापेक्षां हिशेबाचा प्रामाणिकपणा अधिक दिसतो. १७६६ सालीं एका तरुण मित्राला लिहितांना तो म्हणतो कीं, माणसाला सबंध जन्मांत आई एकदांच मिळते, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. आपल्याला ती आई गेल्यावर कळली, आणि दिवसेंदिवस अधिकच खोल रुतते आहे. ज्याला आपलें देणें असें कळलें तो देणेकऱ्याच्या जागीं निजतो. धनकोच्या शिळेवर स्वतःचें नांव घालीत नाहीं. त्या शिळेवर बापाचें नांव नाहीं, कवीचें नाहीं, कवितेचें नाहीं. मात्र एक उणीव तींतहि राहिली. दुकानाचें नांव तीवर नाहीं. टोप्या विकून कवि घडविला, ही गोष्ट त्या काळच्या सभ्य समाजांत दगडावर लिहिण्यासारखी नव्हती. आईची माया कोरली गेली. आईचे कष्ट कोरले गेले नाहींत. प्रेमाची स्तुति करणें जगाला नेहमींच सोपें वाटतें, कारण प्रेमाचें बिल येत नाहीं.

हा लेख जे वाचतील त्यांपैकीं बहुतेकांच्या विद्येमागें अशी कोणी डोरोथी किंवा मेरी उभी असेल : दागिना मोडून फी भरणारी, शिवणयंत्रावर रात्री काढणारी, स्वतः पाटी हातीं न धरतां दुसऱ्याच्या पुस्तकांना पुठ्ठे घालणारी. तिचें स्मरण आपण करतों तें बहुधा मायेच्या भाषेंत करतों. देण्याच्या भाषेंत करीत नाहीं. माया परत करतां येत नाहीं हें खरें. पण कष्टांचें देणें फेडतां येतें, आणि तें मागें वळून फेडावयाचें नसून पुढें पाहून फेडावयाचें असतें. जिच्याजवळून घेतलें ती आतां घ्यावयास नाहीं, परंतु ज्याला द्यावयाचें तो मुलगा किंवा ती मुलगी आज कोणत्या तरी शाळेच्या दारांत उभी आहे. त्या दारापाशीं जो नुसता हळहळतो त्यानें विलापिका वाचली असेल. थडगें वाचलेलें नाहीं.